डोईवरची खूण

माझी नात मल्लिका हिला मोठ्या माणसाशी कसं वागावं ते कुणी शिकवलंच नाही असं नाही. मीच शिकवलं, म्हणून तर राग जास्त येतो. डोंगरातल्या त्या नव्या लेण्यात देशोदेशीचे पाहुणे उभे, साहेब उभे, आमच्या वस्तीतल्या झाडून सगळ्या बायका उभ्या, आणि ही म्हणते, "चूक यंत्राची नाही. माझ्या आजीनं केलीय." बरं, बोलताना बघत कुठं होती? हातातल्या टॅबकडं. माझ्याकडं एकदासुद्धा मान वळवली नाही. मी म्हणजे जणू भिंतीचा कोपरा.

मी दुर्गव्वा इरकल. माणदेशच्या माळावर आमची वडारवस्ती आहे. दगड फोडायचा, घडवायचा, पाट्या-जात्याला टाकी लावायची, हा आमचा धंदा. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मिरची नुसती घसरते. मग छिन्नीनं त्याच्यावर बारीक बारीक टिंबं मारत जायचं, म्हणजे तो पुन्हा धरतो. त्याला टाकी लावणं म्हणतात. माझी शाळा चौथीत सुटली, पण माझ्या टाकीची ओळ दोरीनं आखल्यासारखी येते. हे मी सांगत नाही, पंचक्रोशी सांगते. मी फक्त नाही म्हणत नाही.

मल्ली कॉलेजात होती तेव्हा सूर्यावरून ते वादळ आलं. आभाळ तांबडंलाल झालं, बायका अंगणात हात जोडून उभ्या राहिल्या. फोन गेले, दिवे गेले, आणि जगभरातली कॉम्प्युटरची मोठमोठी कोठारं करपली. आम्हाला त्याचं काय? मिक्सर बंद पडले तशा लोकांच्या माळ्यावरचे पाटे खाली आले, आणि कधी नव्हे ते टाकीसाठी आमच्या दारात रांग लागली. पण बाहेरच्या जगाचं कंबरडं मोडलं. कोठारांतून जे काही वाचलं ते नुसते आकडे होते, आणि आकड्यांवरून अक्षरं कशी काढायची त्याचे तक्ते जागोजागी नासले होते.

मी मल्लीला विचारलं, "आकडे वाचले म्हणतेस, मग रडताय कशाला?"

तेव्हा ती माझ्या पाट्यापुढं बसली आणि त्यावर बोट ठेवून म्हणाली, "अव्वा, कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही. त्याला एवढंच कळतं, खड्डा आहे की नाही. इथं टिंब आहे, इथं नाही. आहे-नाही, आहे-नाही अशी ओळ लावली की एक आकडा होतो. अमुक आकडा म्हणजे अमुक अक्षर, हे जगानं बसून ठरवलेलं. ते ठरलेलंच हरवलं तर?"

"पुन्हा ठरवा."

"नवं ठरवू गं. पण जुनं लिहिलंय ते कोण वाचणार?"

मग तिनं माझा मसाल्याचा डबा ओढला. पहिल्यांदा ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांनी आपल्यापुरता डबा केला म्हणे. इंग्रजी अक्षरं, आकडे, पूर्णविराम, एवढ्याच्या वाट्या. दुसऱ्या मुलखांची अक्षरं इंग्रजीसारखीच, पण कुणाच्या डोक्यावर रेघ, कुणाच्या टोपी, कुणाच्या पायाशी शेपूट. त्यांना त्या डब्यात जागाच नव्हती. डब्याच्या कडेनं थोड्या वाट्या उरल्या होत्या, त्या ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरल्या. एकाच्या वाटीत हिंग, त्याच वाटीत शेजारणीच्या घरी दालचिनी. एकाचं पत्र दुसऱ्यानं उघडलं की सगळा विचका. पुढं शहाण्या माणसांनी बसून सगळ्या जगाला मिळून एकच मोठा डबा केला. प्रत्येक अक्षराला त्याची हक्काची वाटी. मग चिनी असो, आपली मराठी असो, की मूठभर माणसांची एखादी बोली असो.

"आणि वादळानंतर?"

"वादळानंतर घाईघाईत जुनी यंत्रं आधी सुरू केली. त्यांना तो पहिला छोटा डबाच ठाऊक. साधी इंग्रजी अक्षरं धडधाकट परत आली. डोक्यावर काही असलेल्यांच्या जागी आली नुसती रिकामी खोकी."

ती खोकी म्हणजे काय ते मला थुईबाईकडून कळलं.

थुईबाई व्हिएतनामची. जगानं नेमलेली तपासनीस. आता ह्या तक्त्याची एक प्रत विजेवर सोडायची नाही, दगडात कोरायची, असं ठरलं तेव्हा आमचा काळा पाषाण निवडला, आणि ती इकडं आली. राहायला आमच्याच घरी. माझ्या हातचा ठेचा भाकरीवर घेऊन खाते आणि डोळ्यात पाणी आणत नाही, म्हणून मी तिला मानते. एकदा मी भाकरी थापत होते, तर तिनं परातीतल्या पिठात बोटानं आपलं आडनाव काढलं. त्यात एका अक्षराच्या डोक्यावर छप्पर, आणि छपरावर आणखी एक वळवळती रेघ.

मी म्हणलं, "ही तर आमच्यातलीच बाई! डोईवर चुंबळ, चुंबळीवर बुट्टी."

मल्लीनं तिला ते सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. आणि मग हसणं थांबवून सांगायला लागली. वादळानंतर त्यांच्याकडं पूरही आला होता. माणसं छावण्यांत विखुरली. छावणीतल्या पडद्यावर सापडलेल्यांची नावं येत, आणि प्रत्येक नावात निम्मी खोकी. तिची धाकटी बहीण शेजारच्याच छावणीत अख्खा पावसाळा बसून होती. पडद्यावर नाव रोज येत होतं. आईनं ते रोज बघितलं आणि ओळखलं नाही.

त्या दिवसापासून हे काम मला परकं राहिलं नाही.

आता पोरीचं कौतुक तोंडावर करायची माझी रीत नाही, पण शिकून ती ह्याच कामावर लागली आणि तिनं जे केलं ते असं. डोंगरात जागा मोजकी, शिळा मोजक्या. डोक्यावर काही असलेलं एकेक अक्षर कोरत बसलं तर डोंगर पुरायचा नाही, असं साहेबलोक डोकं धरून बसले होते. मल्ली म्हणाली, ओझ्यासकट बाई कोरायचीच कशाला? बाई एकदा कोरा, ओझी एकदा कोरा. प्रत्येक ओझ्याला त्याचा आकडा आहेच. नियम एकच लिहा, की ओझं एकटं उभं राहत नाही, त्याच्या आधी जे अक्षर येईल त्याच्या डोईवर चढतं. तेवढ्यावर जगातली सगळी डोईओझी अक्षरं उभी राहतात. उद्या कुणी नवीन भाषा लिहायला काढली तर तीसुद्धा. आणि ओझ्यासकट तयार अक्षरालाही पूर्वीपासून एक वेगळा आकडा असतो म्हणे. त्यासाठी तिनं एक जोड्यांचा तक्ता कोरला, हा आकडा आणि ते दोन आकडे मिळून एकच. मला ते लगेच पटलं. मी माहेरी दुर्गी, सासरी दुर्गव्वा. बाई एकच.

टोचायचं यंत्रही तिचंच. पोलादी सुईनं दगडात टिंबं पाडत जायचं. आणि टिंबांमधलं अंतर तिनं कुठून घेतलं? माझ्या पाट्यावरून. म्हणाली, "अव्वा, पुढं कधी यंत्रच उरलं नाही, तर माणसाला बोटानं चाचपून वाचता आलं पाहिजे. बोटाला कुठलं अंतर मानवतं, ते तुझ्या टाकीला जसं कळतं तसं कुठल्या पुस्तकात नाही." मी नुसतं "हं" म्हणलं. पण त्या दिवशी तिच्या ताटात लोण्याचा गोळा जरा मोठाच पडला.

शिळांच्या कडा घडवायचं आणि लेण्यातल्या खोबणीत त्या बसवायचं काम आमच्या वस्तीकडं. माझा मुलगा हणमंता, म्हणजे मल्लीचा बाप, मुकादम. मोठे साहेब नाडकर्णी, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मजकुराला हात लावायचा नाही." आम्ही लावला नाही. देवाशपथ लावला नाही.

पण आमच्या घराची एक रीत आहे. काम झालेल्या दगडावर घरातली थोरली बाई कोपऱ्यात घराची खूण मारते. दोन टिंबं, मग चार टिंबांची मोकळी जागा, मग चार टिंबं. दोन सासू-सुनेची, चार चारी वाटांची, आणि मधलं मोकळं रान. खूण नसलेला दगड मुका. मुका दगड आमच्या घरातून बाहेर जात नाही. त्यावर वाटलेलं अन्न अंगी लागत नाही, असं माझी सासू म्हणायची. मग जगाची अक्षरं ज्या दगडांवर, ते दगड मी मुके पाठवू? मजकूर संपला की खाली कोरी जागा उरायची. तिथं अगदी कोपऱ्याला टेकून, प्रत्येक शिळेवर मी खूण मारली. माझ्या हातानं, सरळ रेषेत, नेहमीच्या अंतरानं.

नेहमीच्याच अंतरानं, तिथंच घोळ झाला.

तपासणीच्या दिवशी थुईबाईनं वाचायचं यंत्र आधी डोईओझ्या अक्षरांच्या शिळेवरून फिरवलं. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं, नीटनेटकं, ज्याचं ओझं त्याच्या डोईवर. तिचा चेहरा असा उजळला की माझ्या वस्तीतल्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या. आणि शेवटचं अक्षर आलं. त्याच्या डोक्यावर दोन तिरक्या रेघा.

"हे काय?" थुईबाई म्हणाली. असं अक्षर कुठल्याच भाषेत नाही.

दुसरी शिळा घेतली. तिच्याही शेवटच्या अक्षरावर त्याच दोन तिरक्या रेघा. तिसरीवरही. चिनी अक्षरांच्या शिळेवर तर ते शेवटचं बिचारं अक्षर भलत्याच घरची टोपी घातल्यासारखं दिसायला लागलं.

नाडकर्णीसाहेब घामाघूम. "टोचायच्या यंत्रात दोष आहे. सगळ्या शिळा बाद. फोडा आणि नव्यानं कोरा." पाहुणे आपसात कुजबुजले. हणमंता माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. आमच्या बायकांनी हाताची सालं काढून घडवलेल्या शिळा, आणि हा माणूस फोडा म्हणतो!

मल्ली खाली वाकली. कोपऱ्यावरून तिनं बोट फिरवलं. दोन, मोकळं, चार. बोट थांबलं. लहानपणी माझ्या मांडीवर बसून तिनं ती खूण हजारदा चाचपली होती. तिला कळायला वेळ लागला नाही.

आणि मग ती ते बोलली. टॅबकडं बघत.

मी तिथून निघाले ती थेट घरी आले. चूल पेटवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मल्ली मागोमाग आली, दारातच उभी राहिली.

"अव्वा."

"यंत्राची म्हणाली असतीस तर तुझी जीभ झडली असती?"

"यंत्राची म्हणाले असते तर शिळा फुटल्याच असत्या. कारण खरं कळल्याशिवाय उपाय सापडत नाही."

"मी खूण केली, चोरी नाही केली."

"चोरी कोण म्हणतंय? तुझा हात इतका नेमका पडला की वाचायच्या यंत्राला वाटलं, मजकूरच आहे. दुसऱ्या कुणाची खूण असती तर वेडीवाकडी पडली असती, यंत्रानं ओरखडा म्हणून सोडून दिली असती. तुझी टिंबं बरोबर मी आखलेल्या घरांत बसली. आणि त्यांचा जो आकडा झाला तो नेमका एका ओझ्याचा निघाला. दोन तिरक्या रेघांचा. ओझं एकटं उभं राहत नाही, म्हणून ते आधीच्या अक्षरावर चढलं."

मी भाकरी उलटली. "चढलं म्हणजे?"

"म्हणजे आपली खूण प्रत्येक भाषेच्या शेवटच्या अक्षराच्या डोईवर जाऊन बसलीय."

तेव्हा मात्र माझा हात थांबला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची ओझी वाहिली. धरणांचे दगड, रस्त्यांची खडी, देवळांच्या पायऱ्या. पण आमचं ओझं दुसऱ्याच्या डोईवर कधी चढवलं नाही. थुईबाईच्या त्या अक्षराला आधीच दोन ओझी आहेत. त्यात माझं तिसरं?

"खूण बुजव," मी म्हणाले. "चुना भर."

"चुना आज भरशील, पुढं कधीतरी गळून पडेल. दगडावरचं टिंब नाहीसं करता येत नाही, अव्वा, तूच सांगतेस. पण वाढवता येतं." ती माझ्याशेजारी येऊन बसली. "खुणेच्या आधी, ओळीच्या तोंडाशी आणखी तीन टिंबं मारली की आकडा बदलतो. पार लांबचा होतो. ओझ्यांच्या वाड्यातून निघून गायरानात जातो."

"कुठल्या गायरानात?"

"आकड्यांच्या. एवढ्या मोठ्या डब्यात थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय. तिथं कुठलंच अक्षर नाही. ज्याला आपली खूण ठेवायची त्यानं आपल्या माणसांशी ठरवून तिथं ठेवावी."

हे ऐकलं मात्र, माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे इथंही आमच्या वाट्याला गायरानच? गावानं आम्हाला गायरानात पालं मारायला लावली आणि पाऊस पडला की तिथूनही हाकललं. माझ्या सासूची चूल लाथेनं उडवलेली मी ह्या डोळ्यांनी बघितलीय. आणि तू कॉलेज शिकून आम्हाला परत तिथंच नेतेस?"

मल्ली चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. हळूच म्हणाली, "ह्या गायरानातून कुणी उठवत नाही. सगळ्या जगानं लिहून दिलंय, ही जागा कुठल्याही अक्षराला कधीच द्यायची नाही. आणि बाकीच्या डब्यातसुद्धा एकदा दिलेली वाटी काढून घेत नाहीत. एखाद्या अक्षराचं नाव चुकीचं पडलं तरी ते खोडत नाहीत. तसंच ठेवतात, आणि शेजारी दुरुस्ती लिहितात. म्हणजे ज्यानं जुन्या आकड्यावर विश्वास ठेवला त्याचा विश्वास फुकट जात नाही."

मी चुलीत एक लाकूड सारलं. जमिनीसाठी, पाण्यासाठी, देवासाठी माणसं एकमेकांची डोकी फोडतात. आणि तीच माणसं कुठंतरी एका टेबलाशी बसून ठरवतात, की हे छोटं टोपीवालं अक्षर, ह्याची जागा ह्याचीच, कायमची. कुणी बसवलं असेल त्यांना? कुणाच्या आईनं वाढवलं असेल?

"यंत्रानं मार मग तीन टिंबं."

"शिळा खोबणीत बसल्यात. यंत्र तिथं शिरत नाही. हातानंच मारावी लागतील. तुझ्या अंतरानं. एक टिंब सरकलं तर दुसऱ्याच कुणाच्या घरात जाऊन पडेल."

"आणि सासूच्या हातची खूण बदलेल."

"बदलणार नाही. तशीच राहील. शेजारी वाढेल."

मी उठले आणि छिन्न्यांची पिशवी काढली.

नाडकर्णीसाहेब लेण्याच्या तोंडाशीच आडवे आले. "आजी, कोपरा उडाला तर?"

मी म्हणलं, "साहेब, तुम्ही तर अख्खी शिळा फोडायला निघाला होता. कोपऱ्याची काळजी आता मला करू द्या."

थुईबाई दिवा धरून उभी राहिली. मल्ली खडूनं जागा दाखवत पुढं, मी मागं. खोबणीत अर्धं अंग घालून, एका हातानं चाचपत, दुसऱ्यानं टाकी मारत. गुडघे माझे, पण त्या दिवशी मी त्यांचं ऐकून घेतलं नाही. हणमंता मधेच म्हणाला, "आये, मी करतो." मी म्हणलं, "तू शिळा उचल, बाबा. हे बाईचं काम आहे." शिळेमागून शिळा, तीन-तीन टिंबं. दगड पहिल्या ठोक्यालाच बोलतो, घाव बसला का कोपरा उडाला ते. एकही कोपरा उडाला नाही.

मल्लीनं एक काम आणखी केलं होतं, मला न सांगता. लेण्याच्या दाराशी नियमांची शिळा आहे. हे सगळं कसं वाचायचं ते तिच्यावर चित्रांनी आणि साऱ्या भाषांत कोरलंय. ती शिळा तेव्हा अजून खाली यंत्रापाशीच होती. तिच्यावर शेवटी एक ओळ वाढली होती. थुईबाईनं मोडक्या मराठीत मला ती वाचून दाखवली: ही खूण अक्षर नाही. ज्या घरानं हे दगड घडवले, त्या घराची आहे. वाचताना तिला ओलांडून पुढं जावं.

मी त्या ओळीवरून हात फिरवला. डोळ्यात धूळ गेली होती, दुसरं काही नाही.

मग पुन्हा तपासणी. सगळे गोळा. वाचायचं यंत्र डोईओझ्या अक्षरांच्या शिळेवरून सरकत गेलं. थुईबाईच्या आडनावातलं अक्षर आलं, चुंबळीसकट, बुट्टीसकट. शेवटचं अक्षर आलं, डोकं स्वच्छ. त्याच्यापुढं आमची खूण, स्वतःच्या जागेवर, कुणावर न चढता. दुसरी शिळा. तिसरी. चिनी अक्षरानंही ती भलत्या घरची टोपी काढली होती. नाडकर्णीसाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "शिळा मंजूर."

टाळ्या पडल्या. थुईबाईनं माझे दोन्ही हात धरले आणि मल्लीला काहीतरी सांगितलं. मल्ली मला म्हणाली, "ती म्हणते, आईला फोटो पाठवणार आहे." पण हेसुद्धा टॅबकडं बघूनच म्हणाली. सगळ्या लेण्यात तेवढ्या एकाच माणसाची मान खाली.

मी छिन्नी खाली ठेवली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणलं, "ए मल्ले. वर बघ."

तिनं बघितलं. डोळे भरलेले होते, माझ्यासारखेच धुळीनं.

"चारचौघांत माझी चूक सांगितलीस, ते बरोबर केलंस. माझ्याकडं न बघता सांगितलीस, ते वाईट केलंस. मी ते विसरायची नाही. दगडावरचं काही मी खोडत नसते. पण त्याच्या शेजारी आज हे लिहिते, आणि सगळ्यांनी ऐकून ठेवा. इरकलांच्या घरात माझ्यामागं खूण मारायची ती हिनं."